लाल ठिपका

सकाळचे साडेसात. पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमागे, पंपाच्या खोलीला लागून थोडी मोकळी जागा आहे. तिथे गोणपाट अंथरून आमच्याकडचा कचरा नेणाऱ्या मावशी उकिडव्या बसल्यात. उजव्या हाताला ओल्या कचऱ्याची बादली, डावीकडे तीन गोण्या. एकीत पुठ्ठा आणि कागद, दुसरीत दुधाच्या पिशव्या आणि बाटल्या, तिसरीत ज्याचं पुढे काहीच होत नाही ते. समोर तीन इमारतींमधून उतरवलेला ढीग. माझ्यासाठी कुणीतरी प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलंय. थोडा वेळ बसते, मग नकोसं होतं आणि त्यांच्या शेजारी फरशीवरच टेकते.

त्यांनी एक काळी पिशवी उचलली. तोंडाला दोन घट्ट गाठी. अंगठा आणि तर्जनीच्या नखांनी मावशी त्या सोडवू लागल्या.

"फाडा ना सरळ," मी म्हटलं.

"फाडली की आतलं अंगावर येतं, ताई. आत काय हाय ते बांधणाऱ्यालाच ठावं."

गाठी सुटल्या. आत आदल्या रात्रीचा आमटीभात, त्यात रुतलेलं एक वापरलेलं सॅनिटरी पॅड, उघडं. दाढीचं ब्लेड. आमटीनं भिजून लिबलिबीत झालेलं कुरिअरचं खोकं. मावशींनी पॅड दोन बोटांनी बाजूला काढलं, भात बादलीत झटकला, खोकं उन्हात ठेवलं. वाळलं तर विकलं जाईल. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पुढच्या पिशवीत लहान मुलाचे डायपर, तिच्या पुढच्या पिशवीत टोपण नसलेली इन्शुलिनची सुई. उघडी पॅड आणि डायपर किती निघतात ते मी मोजायला घेतलं होतं, दहानंतर मोजणं सोडलं.

हातमोजे त्यांच्या पिशवीत होते. घालत का नाहीत म्हणून विचारलं. मोजे घातले की गाठ सुटत नाही, पातळ पिशवी बोटाला कळत नाही, उन्हाळ्यात आत घाम साचून कातडी सोलते. "आन् सुई मोज्यातनं बी जाती," असं म्हणून त्यांनी डाव्या तळव्यावरची जुनी खूण दाखवली. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांनीच सांगितलं, नाव नको, सोसायटीवाल्यांना वाटेल तक्रार केली. मला त्यांची एकच गोष्ट वाचकांपर्यंत पोचवायची आहे आणि ती त्यांनी त्या सकाळी एका वाक्यात सांगितली: "ताई, नुसतं कागदात गुंडाळून द्या. बाकी काय नको."

आपल्याकडे आरोग्य म्हटलं की दवाखाना डोळ्यांपुढे येतो. ससूनमधल्या खाटा, लशी, इंजेक्शनांचे दर. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियान-बारे सिंड्रोम या आजाराचे रुग्ण वाढले. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही तिथली नावं रोज बातम्यांत येऊ लागली आणि सारं शहर नळाच्या पाण्याकडे संशयाने पाहायला लागलं. ते योग्यच होतं. पाणी उकळून प्या असं सांगणारे संदेश घरोघर फिरले. पण ज्या बाईचा हात रोज सकाळी या शहरातल्या शेकडो घरांच्या रक्तामांसात, उष्ट्यात आणि औषधांत बुडतो, तिच्या आरोग्यासाठी असा एकही संदेश माझ्या फोनवर कधी आला नाही. तिला आपण स्वच्छतेच्या हिशेबात धरतो आणि आरोग्याच्या हिशेबातून वगळतो. मला वाटतं, चूक इथून सुरू होते.

कचरा वेचणाऱ्या या बायका आल्या कुठून? बऱ्याचशा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर आणि नगरकडून पुण्यात आलेल्या कुटुंबांतल्या. जमीन नाही, अक्षर नाही आणि जातीमुळे धुण्याभांड्याचं कामही मिळत नाही. उरली कचराकुंडी. पुण्याच्या कचरावेचकांत दहापैकी नऊ बायका आहेत आणि त्यातल्या बहुतेक दलित. हे योगायोगाने झालेलं नाही. घाणीचं काम कुणी करायचं हे या समाजाने फार पूर्वीच ठरवून ठेवलं आहे. शहराने फक्त त्या कामाला गोणी आणि लोखंडी आकडा दिला.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या उपक्रमातून लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने या कार्यकर्त्या या वस्त्यांमध्ये पोचल्या. शिकवायला गेल्या आणि बायकांबरोबर कुंड्यांवर फिरू लागल्या. तिथे त्यांना एक साधी गोष्ट दिसली. हाच कागद कुंडीत पडण्याआधी, घराच्या दारातच वेगळा मिळाला तर तो ओला होत नाही, भाव जास्त येतो आणि बाईला उकिरड्यात वाकावं लागत नाही. विद्यापीठाने ओळखपत्रं दिली आणि काही बायका दारोदार जाऊन सुका कचरा घेऊ लागल्या. थोड्याच दिवसांत त्याच भागात एका व्यावसायिकाने गाडी लावून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. बायका जमल्या, आमच्या पोटावर पाय देऊ नका म्हणाल्या, आणि त्याने माघार घेतली. एकत्र आलं की माणूस ऐकतो, हे त्या दिवशी त्यांना कळलं.

मग १९९३ साली पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. आठशेहून अधिक जणी आल्या. डॉ. बाबा आढाव सोबत होते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या संघटनेचा जन्म तिथला. बाबांचं नाव इथे सहज आलेलं नाही. बाबा मुळात दवाखाना चालवणारे डॉक्टर. नाना पेठेतल्या हमालांच्या दुखऱ्या पाठी त्यांनी पाहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, या पाठीचं औषध गोळीत नाही, पोत्याच्या वजनात आहे. हमाल पंचायत उभी राहिली आणि पोत्याचं वजन कमी करण्यासाठी लढली. आरोग्याचं धोरण म्हणजे काय, हे मला कुठल्याही सरकारी अहवालापेक्षा या एका गोष्टीतून जास्त समजतं. दुखणाऱ्या माणसाला बरं करून पुन्हा त्याच पोत्याखाली पाठवायचं नाही. आधी पोतं हलकं करायचं.

कचरावेचकांचं पोतं हलकं करायची पहिली पायरी होती ओळख. कुंडीवर वाकलेल्या बाईला पोलीस चोर समजत, वॉचमन हाकलत. १९९५-९६ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी कचरावेचकांच्या ओळखपत्रांवर आपली मोहोर उमटवली. देशात असं पहिल्यांदा झालं. कागदाचा तो तुकडा किती मोठा होता हे आपल्याला कळणार नाही, कारण आपल्याला आपल्याच रस्त्यावर कुणी कधी थांबवलेलं नाही.

दुसरी पायरी हिशेबाची. कचरावेचक शहरावर भार आहेत असं म्हणणाऱ्यांना संघटनेने आकडे दाखवले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी २००१ साली केलेल्या अभ्यासात मांडलं गेलं की पुण्यातली एकेक कचरावेचक दर महिन्याला २४६ रुपयांचं श्रम शहराला फुकट देते. तिने उचललेला माल महापालिकेला वाहून न्यावा लागत नाही, डेपोत पुरावा लागत नाही. म्हणजे देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण, हे उलटंच निघालं. हाच हिशेब पुढे ठेवून संघटनेने महापालिकेकडे हक्क मागितला आणि २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने कचरावेचकांचा वैद्यकीय विमा उतरवला. कुणाची दया म्हणून नाही, त्यांनी शहरासाठी केलेल्या कामाचा मोबदला म्हणून. तो विचार तेव्हा देशात कुठल्याच महापालिकेने केला नव्हता.

त्या वेळी घनकचऱ्याचे २००० सालचे नियम आले होते आणि घरोघरी कचरा गोळा करणं महापालिकांवर बंधनकारक झालं होतं. हे काम कुणाला द्यायचं? बहुतेक शहरांनी ठेकेदाराला दिलं आणि कचरावेचक रस्त्यावर आल्या. पुण्याने वेगळी वाट धरली. कचरावेचकांचीच सहकारी संस्था उभी राहिली, तिचं नाव 'स्वच्छ', आणि २००८ साली महापालिकेशी तिचा पाच वर्षांचा करार झाला. आज साडेतीन हजारांहून अधिक कचरावेचक या संस्थेत आहेत.

व्यवस्था कशी चालते ते नीट समजून घ्यायला हवं, कारण दार उघडून डबा देणाऱ्यांतले बहुतेकजण कचरावेचक बाईला महापालिकेची पगारी नोकर समजतात. तिला पगार नाही. दोघींच्या जोडीकडे साधारण दोनशे-अडीचशे घरं असतात. प्रत्येक घराने महिन्याला ठरलेले पैसे द्यायचे, ती तिची मजुरी. सुक्या कचऱ्यातला विकाऊ माल तिचा, ती दुसरी कमाई. महापालिका गाड्या, बादल्या, मोजे आणि देखरेखीचा खर्च देते. म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या कुणी "पुढच्या महिन्यात या" म्हटलं, की तिची त्या घराची मजुरी बुडते. आमच्याच सोसायटीत मी हे पाहिलंय. दिवाळीला मिठाईचा डबा हातात ठेवणारी घरं महिन्याचे पैसे दोन-दोन महिने थकवतात. मिठाई देताना आपल्याला बरं वाटतं. पैसे तिचे आहेत.

२०२० च्या टाळेबंदीत भंगाराची दुकानं बंद झाली आणि दुसरी कमाई एका रात्रीत थांबली. कचरा मात्र थांबला नाही. उलट वापरलेले मास्क त्यात आले. कुणाच्या घरात कोरोनाचा रुग्ण आहे हे शेजाऱ्यांपासून लपवलं जात होतं, तेव्हा त्याच घराची पिशवी या बायका उघडत होत्या. मावशी तेव्हा चार किलोमीटर चालत यायच्या, बस नव्हत्या. "भीती वाटायची. पन घरी बसून काय खायाचं?" एवढंच त्या बोलल्या.

आता पॅडबद्दल. हा विषय घराघरांत हळू आवाजात बोलला जातो म्हणूनच मी तो इथे मोठ्याने मांडते आहे. गेल्या वीस वर्षांत पॅड आणि डायपर शहरातल्या वस्तीवस्तीत पोचले. मुलींच्या शिक्षणासाठी, आरोग्यासाठी ती मोठी चांगली गोष्ट झाली, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ही वस्तू वापरून झाल्यावर कुठे जाते याचा विचार ना बनवणाऱ्यांनी केला, ना वापरणाऱ्यांनी, ना नियम लिहिणाऱ्यांनी. बहुतेक पॅडमध्ये प्लास्टिक आहे आणि ओलावा धरून ठेवणारं रसायन आहे. ते कुजत नाही, विकलं जात नाही, त्याचा पुनर्वापर होत नाही. ते फक्त कुणीतरी हाताने वेगळं काढायचं.

२०१३ च्या महिला दिनाच्या सुमाराला पुण्याच्या कचरावेचकांनी वापरलेल्या पॅडनी भरलेल्या पिशव्या पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवल्या. तुम्ही विकता, तर हेही तुमचंच, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या रागामागे मोठा शहाणपणा होता. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं गेलं की कंपन्यांनी पॅड फेकण्यासाठी सोबत वेष्टन द्यावं आणि वापरणाऱ्याने ते गुंडाळून टाकावं. पण कुठे टाकावं? सुक्या कचऱ्यात. जो सुका कचरा कचरावेचक हाताने निवडते, नेमका त्याच्यात. नियम लिहिणाऱ्या टेबलाजवळ अशी एखादी मावशी बसलेली असती तर हे वाक्य तसं राहिलं नसतं. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा भाग सांगितला आहे. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, असे चार. नियम सुधारला. आता तो सोसायटीच्या जिन्यापर्यंत उतरायला हवा.

पुण्याच्या बायका नियमांसाठी थांबल्या नव्हत्या. त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या छोट्या पिशव्या बनवायला घेतल्या, पॅड टाकण्यासाठी, आणि त्या विकल्या. मग लाल ठिपक्याची मोहीम आली. पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि पुडीवर लाल रंगाचा एक ठसठशीत ठिपका काढायचा. ठिपका दिसला की ती पुडी उघडायची नाही, हे निवडणाऱ्या बाईला कळतं. इतकी स्वस्त, इतकी थेट आरोग्यसेवा मी दुसरी पाहिली नाही. लाल पेन लागतं आणि दहा सेकंद.

तरी होत का नाही? मी आमच्या इमारतीत विचारत फिरले. तरुण मुली म्हणाल्या, ठिपका काढला की बाबांना, भावाला कळतं. एका आजींना वाटत होतं की काळी पिशवी आणि दोन गाठी म्हणजेच स्वच्छता. एका घरात उत्तर मिळालं, आता पेपरच घेत नाही, फोनवर वाचतो, गुंडाळायला कागद कुठला आणू? हे खरं आहे. कोरोनानंतर कित्येक घरांतून पेपर गेला आणि त्याबरोबर रद्दीही गेली. पण किराण्याच्या पुडीचा कागद आहे, कुरिअरचं वेष्टन आहे, मुलांच्या जुन्या वह्या आहेत. कागदाची टंचाई हे कारण मला पटलं नाही. मुख्य कारण लाज आहे. आपल्या रक्ताची आपल्याला लाज वाटते, ती लपवायला आपण गाठ मारतो, आणि गाठ सोडवायला दुसऱ्या बाईचा उघडा हात लागतो.

त्या हाताला उद्या काम राहील याची खात्रीही नाही. 'स्वच्छ'च्या कराराची गोष्ट थोडक्यात सांगते. २००८ चा करार संपल्यावर काम मुदतवाढीवर चाललं, पुढे पुन्हा करार झाला, २०२० च्या अखेरीस तोही संपला आणि खासगी ठेकेदार आणण्याची चर्चा महापालिकेत सुरू झाली. कचरावेचक रस्त्यावर उतरल्या. दर काही वर्षांनी ही टांगती तलवार असतेच. ज्या बाईला पुढच्या वर्षी आपलं काम राहील का हे माहीत नाही, ती गुडघेदुखीसाठी रजा घेत नाही, सुई टोचली तर तपासणीला जात नाही. असुरक्षित रोजगार हाही एक आजारच आहे. दुसरी वाटही आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात कचरावेचक न्यायालयात गेले, देशाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिले आणि २०१३ पासून शहराने त्यांना उचललेल्या मालाच्या वजनावर मोबदला द्यायला सुरुवात केली. त्यांच्या नेत्या नोहरा पादिया यांना त्याच वर्षी गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. पुण्यातल्या बायकांनी त्याच्या कितीतरी आधी आपला हिशेब मांडला होता. शहराने तो ऐकला, पण पुरता चुकता केला नाही.

आणि कचरा वेगळा केला नाही तर तो जातो कुठे? एकेकाळी कोथरूडच्या डेपोत जायचा. तिथे वस्ती वाढली, लोकांनी आवाज उठवला, डेपो बंद झाला. त्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे आणि वनाजहून निघणारी गाडी २०२२ पासून आपण कौतुकाने वापरतो. कचरा मात्र नाहीसा झाला नव्हता. तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं, डेपोला आगी लागल्या, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, टँकर आले. कोथरूडचा त्रास मिटला म्हणजे तो दुसऱ्या गावाच्या विहिरीत उतरला होता. शहरात आज रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा तयार होतो. त्यातला जितका माल मावशींच्या तीन गोण्यांत जातो, तितकी कुणाची तरी विहीर वाचते.

साडेनऊला ढीग संपला. मावशी उठल्या, म्हणजे आधी भिंतीला हात लावला, मग एक गुडघा, मग दुसरा. पाण्याच्या नळाशी हात धुवायला गेल्या. आमच्या सोसायटीत त्यांच्यासाठी साबण ठेवलेला नव्हता. अकरा वर्षं त्या येतायत. मला तो त्या दिवशी दिसला नाही म्हणून लक्षात आलं, आणि अकरा वर्षं मी कुठे पाहत होते हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

आता नळाशी साबण आहे, निवडायला बसण्यासाठी कमरेच्या उंचीचं टेबल सोसायटीने करून घेतलं आहे. महिन्याचे पैसे पाच तारखेपर्यंत एकत्र द्यायचे असा ठराव झाला, त्याला दोन सभा लागल्या. पुड्या अजून निम्म्या घरांतूनच येतात.

महापालिकेकडून मागायच्या गोष्टी मोठ्या आहेत आणि त्या मागितल्याच पाहिजेत: दीर्घ मुदतीचा करार, वर्षाला एकदा नीट तपासणी, धनुर्वात आणि काविळीची लस, सुई टोचली तर त्याच दिवशी मोफत उपचार, खंड न पडणारा विमा. पण ही मागणी करणारं पत्र लिहिण्याआधी एक काम आपल्या न्हाणीघरात करायचं आहे. दाराआड एक जुनी वही आणि दोरीला बांधलेलं लाल पेन ठेवा. पॅड, डायपर कागदात गुंडाळा, ठिपका काढा, वेगळ्या पिशवीत ठेवा. पुडीला गाठ मारू नका. इन्शुलिनच्या सुया झाकणाच्या जाड बाटलीत जमवा, फुटकी काच पुठ्ठ्यात बांधून वेगळी हातात द्या. घरातल्या मुलग्यांनाही तो ठिपका कशाचा हे सांगा. उद्या सकाळी साडेसातला तुमची पिशवीही कुणीतरी उघडणार आहे.